टर्बो गाडी ओढत नाही तेव्हा: एक्झॉस्टमधील अडथळा मोजून कसा शोधावा

गाडी ओढत नाही, चढाला एक गिअर खाली यावे लागते, एव्हरेजही उतरले आहे, अशी तक्रार घेऊन टर्बो गाडी गॅरेजमध्ये आली की पहिला संशय टर्बोवरच, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणाऱ्या पंख्यावरच, घेतला जातो. पुष्कळदा टर्बो उतरवला जातो, दुरुस्त करून किंवा नवा आणून बसवला जातो, मालकाच्या खिशाला मोठी कात्री लागते, आणि चाळीसगावहून कन्नडच्या घाटाला लागल्यावर गाडी पुन्हा तशीच दम टाकते. अशा अनेक गाड्यांमध्ये टर्बो निर्दोष असतो. त्याच्या पुढे, सायलेन्सरच्या टोकापर्यंतच्या मार्गात कुठेतरी धूर अडलेला असतो, आणि त्या अडथळ्यामुळे वाढलेला दाब, ज्याला गॅरेजच्या भाषेत बॅक प्रेशर म्हणतात, इंजिनाचा श्वास कोंडत असतो.

हा लेख आयटीआयतून नुकतेच बाहेर पडलेल्या मुलांसाठी आणि स्वतः गाडीखाली शिरण्याची तयारी असलेल्या मालकांसाठी लिहिला आहे. बॅक प्रेशर ही अंदाजाने ओळखण्याची नव्हे, गेज लावून मोजण्याची गोष्ट आहे, आणि मोजण्यासाठी लागणारे साहित्य टर्बोच्या किमतीपुढे नगण्य आहे. म्हणूनच, माझ्या मते, मोजमाप केल्याशिवाय एकही महाग भाग उतरवू नये.

धुराचा मार्ग आणि टर्बोचा गुणाकार

सिलिंडरमधून निघालेला जळका वायू एक्झॉस्ट मेनिफोल्डमध्ये येतो आणि तेथून टर्बोच्या टर्बाइनवर आदळून तिला फिरवतो. टर्बाइनमधून बाहेर पडल्यावर तो डाउनपाइपमध्ये उतरतो, मग पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (थोडक्यात कॅट, धुरातले विषारी वायू कमी करणारी जाळी) आणि डिझेल गाडीत ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट व त्यानंतरच्या डीपीएफमधून, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधून जातो, आणि शेवटी सायलेन्सरमधून बाहेर पडतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ मानकांनंतर डिझेल मोटारींमध्ये डीपीएफ सर्वत्र दिसू लागला. त्यापूर्वीच्या बीएस ४ डिझेल गाड्यांमध्ये बहुधा केवळ कॅटॅलिस्टच असतो.

बिनटर्बोच्या गाडीत मेनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा थोडाच जास्त असतो. टर्बो गाडीत तसे नसते. टर्बाइन फिरवण्यासाठी तिच्या आधीचा दाब नंतरच्या दाबापेक्षा पुष्कळ जास्त असावाच लागतो, त्यामुळे मेनिफोल्डवर गेज लावून मोठा आकडा दिसला म्हणजे अडथळा सापडला असे होत नाही. नवशिक्याने टर्बो गाडीत बॅक प्रेशर नेहमी टर्बाइनच्या नंतर आणि कॅट किंवा डीपीएफच्या आधी मोजावे.

टर्बाइनचे काम आधीच्या आणि नंतरच्या दाबांच्या गुणोत्तरावर चालते, दोघांतल्या फरकावर नव्हे. समजा, एका गाडीत भाराखाली टर्बाइनच्या आधी २०० किलोपास्कल आणि नंतर १०५ किलोपास्कल निरपेक्ष दाब (वातावरणाचा दाब धरून) आहे, म्हणजे गुणोत्तर साधारण १.९ आहे. आता पुढे डीपीएफ भरला आणि टर्बाइननंतरचा दाब १४० किलोपास्कल झाला, तर तेच गुणोत्तर, म्हणजे तेवढाच बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा जादा दाब), टिकवण्यासाठी मेनिफोल्डमधला दाब सुमारे २६६ किलोपास्कलपर्यंत चढावा लागतो. पुढचा अडथळा ३५ किलोपास्कलचा होता, पण पिस्टनला धूर ढकलताना ६६ किलोपास्कल जास्त सोसावे लागले. टर्बो गाडी अडथळ्याला इतकी हळवी का असते आणि तिच्या बाबतीत थोडा आकडाही गंभीरपणे का घ्यावा लागतो, याचे कारण या गुणाकारात आहे. शिवाय जळका वायू सिलिंडरमध्ये मागे उरतो, नवी हवा कमी शिरते, एक्झॉस्टचे तापमान वाढते, आणि टर्बोच्या शाफ्टवर त्याच्या लांबीच्या दिशेने जोर येऊन त्याचे थ्रस्ट बेअरिंग व सील लवकर झिजतात. अडथळा तसाच ठेवून नवा टर्बो बसवला, तर तोही याच वाटेने जातो.

लक्षणे आणि आधी वगळायच्या गोष्टी

अडथळ्याची गाडी आयडलला बहुधा ठीक चालते, कमी आरपीएमला चालते, आणि पाय दाबत नेला की एका मर्यादेवर जाऊन अडते. बूस्ट उशिरा येतो. इंजिन गरम राहते, मेनिफोल्डच्या पॅकिंगमधून फुसफुस आवाज येऊ शकतो, आणि पुढे गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे कंप्युटर इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. मात्र यांतले एकही लक्षण एकट्या अडथळ्याचे नाही, म्हणून स्वस्त आणि वरवरच्या शक्यता प्रथम तपासाव्यात.

खानदेशात पहिली शक्यता एअर फिल्टरची. उन्हाळ्यात वाळलेल्या रानातली धूळ आणि हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत तरंगणारा कापसाचा तंतू फिल्टरवर असा थर धरतो की कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट पाहून चालत नाही. फिल्टर बाहेर काढून पाहावा आणि शंका असल्यास बदलूनच पुढे जावे. त्यानंतर टर्बोपासून इंटरकुलरपर्यंत आणि इंटरकुलरपासून इंजिनापर्यंतच्या होजवर हात फिरवावा. फाटलेल्या किंवा क्लिप सैल झालेल्या होजभोवती तेलकट, धुळीने माखलेला पट्टा दिसतो. ईजीआर वाल्व्ह, म्हणजे थोडा जळका वायू पुन्हा इनटेकमध्ये सोडणारा वाल्व्ह, उघडा अडकला असेल तर तोही ताज्या हवेची जागा खातो. हे सर्व पाहून झाल्यावर गाडी वर उचलावी आणि पाइप कुठे चेपला आहे का ते पाहावे, कारण शेताच्या चाकोरीतून जाताना मधल्या उंचवट्याला किंवा दगडाला घासून डाउनपाइप चेपणे ही या भागातली नेहमीची गोष्ट आहे.

साहित्य आणि काळजी

लागणारे साहित्य थोडे आहे. लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर हवा. ० ते १ किलो, म्हणजे साधारण ० ते १५ पीएसआयचे कमी दाबाचे गेज हवे. टायरच्या हवेचे गेज येथे निरुपयोगी आहे, कारण आपल्याला हवे असलेले आकडे त्याच्या काट्याच्या पहिल्या रेघेतच संपतात. दीड मीटर तांब्याची किंवा स्टीलची बारीक नळी, तिच्यापुढे उष्णता सोसणारा रबरी पाइप, एक टी-जोड, आणि पेट्रोल गाडीसाठी ऑक्सिजन सेन्सरच्या जागी बसणारा १८ मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर पिचच्या आट्यांचा अडॅप्टर हवा. तो कोणताही लेथवाला करून देतो. धातूची नळी वगळून थेट रबर जोडू नये. गरम वायूने ते वितळते आणि गेजही जाते.

काम उघड्यावर करावे. बंद शेडमध्ये, शटर अर्धे ओढून, चालू इंजिनाखाली काम करण्याची सवय जीवघेणी आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये, खाली घोडी लावावी आणि चाकांना उटी लावावी. जाड हातमोजे घालावेत. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा गाडीखालचे काम सकाळी उरकलेले बरे. चाचणीची जागा निवडताना जमिनीवर वाळलेले गवत, कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा केळीची सुकलेली पाने नाहीत, याची खात्री करावी. तापलेला कॅट किंवा रिजनरेशन (साठलेली काजळी तापवून जाळणे) चालू असलेला डीपीएफ त्यांना सहज पेटवू शकतो.

पहिली पायरी: इंजिन सुरू करण्यापूर्वी

स्कॅनर जोडावा, चावी ऑन करावी आणि इंजिन बंदच ठेवावे. या अवस्थेत मॅप सेन्सरने, म्हणजे इनटेक मेनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने, फक्त वातावरणाचा दाब दाखवला पाहिजे. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे, त्यामुळे तेथे हा आकडा ९७ ते ९९ किलोपास्कल येतो. हजार मीटरच्या वर असलेल्या तोरणमाळला तोच ९०च्या आसपास दिसेल आणि त्यात काही बिघाड नाही. डीपीएफ असलेल्या गाडीत डिफरन्शियल प्रेशर सेन्सरने, म्हणजे डीपीएफच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबांतला फरक मोजणाऱ्या सेन्सरने, शून्य किंवा शून्याला अगदी लागून आकडा दाखवावा. इंजिन बंद असताना तो २ किंवा ३ किलोपास्कल दाखवत असेल, तर सेन्सर खोटे बोलत आहे, आणि त्याच्यावर विसंबून डीपीएफला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

स्कॅनरवरचे बिघाडाचे कोड वाचावेत, पण त्यांना निकाल समजू नये. पी ०२९९ एवढेच सांगतो की बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी पडला. पी २४६३ काजळी साठल्याचे सांगतो, परंतु ते अनुमान सेन्सरच्या आकड्यावर आणि कंप्युटरच्या हिशेबावर बेतलेले असते. पी ०४२० कॅटची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो, कॅट तुंबल्याचे नव्हे, आणि हा फरक ध्यानात न घेतल्याने चांगला वाहता असलेला कॅट कापून टाकल्याची उदाहरणे होतात.

डीपीएफ सेन्सरच्या दोन नळ्या या वेळीच पाहून घ्याव्यात. क्लिप दाबून पुढची, म्हणजे डीपीएफच्या तोंडाकडून (इंजिनाकडच्या बाजूने) येणारी, नळी सेन्सरवरून हळूच ओढली की आतून काळे, ओलसर पाणी टपकते. ते थोडे असेल तर चिंता नाही. नळीच्या तोंडाशी मात्र काजळीचा घट्ट बोळा दिसला, किंवा रबर चिरून पांढुरके आणि कडक झालेले असले, तर ती नळी आधी बदलावी. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशी अशा उघड्या राहिलेल्या नळ्यांत आणि बारीक तोंडांत मातीचे घर करते, म्हणून तेही पाहावे. नळ्या सोडलेल्या असताना त्यांतून हलक्या हाताने हवा फुंकावी, पण फुंकण्याआधी सेन्सर वेगळा केलेला असावा. कॉम्प्रेसरची हवा त्याच्या आत गेली तर तो जागीच निकामी होतो.

दुसरी पायरी: हवेचा हिशेब

आता दोन आकडे एकत्र पाहायचे आहेत. एक मॅप, म्हणजे इनटेकमधला दाब, आणि दुसरा मॅफ, म्हणजे इंजिनात शिरणारी हवा ग्रॅम प्रतिसेकंदात. टर्बो गाडीत हे दोन आकडे एकमेकांना जुळतात की नाही, यावरून पुष्कळ गोष्टी उघड होतात, आणि हा हिशेब एकदा हातात बसला की तो आयुष्यभर उपयोगी पडतो.

उदाहरणासाठी १.५ लिटरचे इंजिन घेऊ. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते, त्यामुळे ३,००० आरपीएमला ते मिनिटाला २,२५० लिटर, म्हणजे सेकंदाला ३७.५ लिटर हवा ओढते. मॅप २०० किलोपास्कल आणि इनटेकमधल्या हवेचे तापमान ५० अंश असेल, तर एका लिटर हवेचे वजन साधारण २.१६ ग्रॅम भरते. गुणाकार केला की ८१ ग्रॅम येतात. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून त्यातले ९० टक्के धरले तर मॅफने सेकंदाला सुमारे ७३ ग्रॅम दाखवायला हवे.

मॅप २०० दाखवत असताना मॅफ ५०च्या आसपास घुटमळत असेल, तर हवा दाराशी दाबाने उभी आहे पण आत शिरत नाही, असा त्याचा अर्थ होतो. बाहेरचा रस्ता बंद असल्याचे हे ठळक चिन्ह आहे. व्हीजीटी टर्बोमध्ये, म्हणजे टर्बाइनभोवती हलत्या पाती असलेल्या टर्बोमध्ये, कंप्युटर बूस्ट भरून काढण्यासाठी टर्बोच्या पाती अधिकाधिक मिटत नेतो, त्यामुळे बूस्टचा आकडा सुरुवातीला बरोबर दिसत राहतो आणि नवशिका फसतो. अशा वेळी व्हीजीटीची टक्केवारी एका टोकाला चिकटलेली दिसते. उलट, मॅफ भरपूर आणि मॅप कमी असेल, तर हवा मॅफनंतर कुठेतरी गळते आहे, म्हणजे दोष इंटरकुलरच्या होजमध्ये शोधावा. दोन्ही कमी असतील, तर एअर फिल्टर, टर्बोच्या पाती किंवा वेस्टगेट (टर्बाइनला वगळून धूर पुढे सोडणारी झडप), आणि फार वाढलेला अडथळा, हे तिन्ही संशयित उरतात आणि निकाल गेजवरच लागतो.

या तुलनेसाठी आकडे पूर्ण अॅक्सिलरेटरवर घ्यावेत, कारण त्या वेळी ईजीआर बंद असतो. मॅफवर तेलकट धूळ बसली असेल तर तो मुळातच कमी दाखवतो, म्हणून तो त्यासाठीच्या स्प्रेने धुऊन वाळवून घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

रस्त्यावरची ही चाचणी घाटात घेऊ नये. जळगाव-धुळे महामार्गासारख्या सरळ, रुंद रस्त्यावर, वर्दळ कमी असताना, वेगमर्यादा पाळून, तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबत जावे. स्कॅनर शेजारी बसलेल्याने सांभाळावा, शक्यतो नोंद साठवून ठेवावी आणि आकडे गाडी बाजूला उभी केल्यावरच वाचावेत.

तिसरी पायरी: गेज लावणे

पेट्रोल टर्बो गाडीत कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर बहुधा टर्बाइननंतरच्या डाउनपाइपवर असतो. तो खरोखर टर्बाइनच्या पुढेच आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. इंजिन थोडे कोमट असताना आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून, २२ मिलिमीटरच्या खाचेच्या गोटीने सेन्सर सोडवावा आणि तेथे अडॅप्टर बसवावा. अगदी थंड पाइपवर जोर लावला तर आटे सेन्सरसोबत निघून येतात. ही चूक महाग पडते.

डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत काम अधिक सोपे आहे, कारण कंपनीनेच आपल्यासाठी भोके पाडून ठेवली आहेत. डिफरन्शियल सेन्सरकडे जाणाऱ्या पुढच्या नळीत टी-जोड घालून गेज जोडले की डीपीएफच्या तोंडावरचा दाब थेट वाचता येतो. डीपीएफ नसलेल्या बीएस ४ डिझेलमध्ये अशी जागा क्वचितच मिळते. तेथे डाउनपाइपला कॅटच्या आधी लहानसे भोक पाडून नट वेल्ड करावा आणि चाचणीनंतर बोल्टने कायमचा बंद करावा.

इंजिन पूर्ण गरम करून आयडलला आकडा घ्यावा, मग न्यूट्रलमध्ये २,५०० आरपीएमवर पाय स्थिर धरून अर्धा मिनिट पाहावे. काटा थरथरतो, कारण प्रत्येक सिलिंडरचा धूर ठोक्याठोक्याने येतो. नळीत बारीक वाल्व्ह घालून तो थोडा आवळला की काटा स्थिरावतो. गॅरेजमध्ये रूढ असलेली कसोटी अशी आहे की आयडलला दीड पीएसआयपेक्षा जास्त दाब संशयास्पद समजावा आणि २,५०० आरपीएमला ३ पीएसआयपेक्षा जास्त दाब म्हणजे अडथळा निश्चित समजावा. १ पीएसआय म्हणजे सुमारे ६.९ किलोपास्कल. त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिलेली असेल, तर तीच प्रमाण मानावी. नुसत्या आकड्याइतकेच त्याचे वागणेही पाहावे. पाय स्थिर असताना काटा हळूहळू चढतच राहिला, तर धूर साठत जातो आहे आणि निघायला वाट पुरत नाही.

न्यूट्रलमध्ये आकडा ठीक आला म्हणून गाडीला निर्दोष ठरवण्याची घाई करू नये. बिनभाराच्या इंजिनात टर्बो जवळजवळ बूस्ट देत नाही आणि धूरही थोडाच निघतो. अरुंद पाइपमधला दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे न्यूट्रलमध्ये १ पीएसआय दाखवणारा चेपका पाइप भाराखाली, प्रवाह तिप्पट झाल्यावर, ९ पीएसआयच्या जवळ जाऊ शकतो. न्यूट्रलचा आकडा मर्यादेत असूनही हवेचा हिशेब चुकत असेल, तर गेज लावूनच रस्त्यावर जावे. मात्र गेजची नळी कोणत्याही कारणाने केबिनमध्ये आणू नये, कारण ती सुटली तर विषारी वायू थेट आत येतो. गेज बाहेर, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, आतून वाचता येईल असे घट्ट बांधावे. भाराखाली निरोगी गाडीतही काही पीएसआय दाब असतो, म्हणून त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीवर तीच चाचणी घेऊन तुलना केली तर निकालाबद्दल शंका उरत नाही.

चौथी पायरी: अडथळा कोणत्या तुकड्यात आहे

ठिबक वापरणाऱ्या केळी बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन गेज असतात, दोघांतला फरक वाढला की फिल्टर धुवायचा, आणि दोन्ही सारखेच चढले असतील तर अडचण फिल्टरच्या पुढे आहे. एक्झॉस्टमध्ये नेमके हेच करायचे आहे.

डीपीएफ सेन्सरच्या पुढच्या नळीवरचा आकडा लिहून घ्यावा आणि मग तेच गेज, तीच आरपीएम ठेवून, मागच्या नळीवर लावावे. पुढे ५ पीएसआय आणि मागे जवळजवळ शून्य आले, तर डीपीएफ भरला आहे. पुढे ५ आणि मागे साडेचार आले, तर डीपीएफ मोकळा असून त्याच्या मागचा पाइप किंवा सायलेन्सर तुंबला आहे. विशेष म्हणजे या दुसऱ्या प्रकारात डिफरन्शियल सेन्सर अर्धा पीएसआय एवढाच फरक दाखवतो, स्कॅनरवर सर्व काही आलबेल दिसते, आणि डीपीएफचा कोड कधीच येत नाही. स्कॅनरवर सगळे ठीक आहे म्हणून बॅक प्रेशर नाही, असे म्हणणाऱ्याला हा प्रकार जरूर दाखवावा. काही गाड्यांमध्ये सेन्सरला एकच नळी असते. तेथे मागची मोजणी डीपीएफनंतरच्या तापमान सेन्सरच्या जागेवरून करावी लागते.

स्वच्छ डीपीएफवर आयडलला फरक साधारण १ किलोपास्कलच्या आत असतो. ३,००० आरपीएमला न्यूट्रलमध्ये तो १० किलोपास्कलच्या वर जात असेल तर फिल्टर भरला आहे असे धरण्यास हरकत नाही.

पेट्रोल गाडीत कॅटनंतरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी अडॅप्टर लावून हीच विभागणी करता येते. याखेरीज पेट्रोल गाडीत व्हॅक्यूम गेजचाही आधार घेता येतो. आयडलला काटा साधारण पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर असतो, २,५०० आरपीएमला स्थिर केल्यावर तो पुन्हा त्याच जागी किंवा थोडा वर यायला हवा, आणि तो हळूहळू घसरत राहिला तर अडथळ्याचा संशय बळावतो. डिझेल गाडीत ही चाचणी लावू नये.

लेझरचा थर्मामीटर मी निर्णयासाठी वापरत नाही. कॅटच्या आधीचे आणि नंतरचे तापमान इंधन, भार आणि रिजनरेशन यांमुळे इतके बदलते की त्यावरून तुंबल्याचा निकाल देता येत नाही, आणि चकचकीत स्टीलवर तो खूप कमी आकडा दाखवतो. टेलपाइपवर हात धरून धुराचा जोर पाहण्याची पद्धतही सोडून द्यावी.

सापडल्यानंतर

लवचीक पाइपची जाळी बाहेरून शाबूत दिसते, पण आतले अस्तर सुटून दुमडते आणि झडपेसारखे रस्त्यात उभे राहते. हा दोष बाहेरून दिसत नाही, पाइप सोडवून एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकाने पाहावे लागते. सायलेन्सर आणि कॅट यांवर रबरी हातोडीने हलकेच ठोकावे. आत खुळखुळ वाजले तर पडदा सुटला आहे किंवा कॅटची चिनी मातीची जाळी फुटली आहे. जाळी फुटली असेल तर तिचे तुकडे पुढे सायलेन्सरमध्ये जाऊन अडकलेले असू शकतात, म्हणून केवळ कॅट बदलून थांबू नये. पेट्रोल गाडीत जाळी बहुधा मिसफायरमुळे वितळते, कारण न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटते. प्लग, कॉइल आणि इंजेक्टर दुरुस्त केल्याशिवाय नवा कॅट बसवला तर तोही वितळेल.

डीपीएफचे प्रकरण अधिक विचाराने हाताळावे. फिल्टरमध्ये काजळी आणि राख अशा दोन गोष्टी साठतात. काजळी सुमारे ६०० अंश तापमानाला जळून जाते, राख कधीच जळत नाही. सावदा-फैजपूरकडे गाडी घरापासून मळ्यापर्यंत आणि मळ्यापासून बाजारापर्यंत चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारते, एक्झॉस्ट पुरेसे तापण्याआधीच इंजिन बंद होते, आणि रिजनरेशन दर वेळी अर्धवट सुटते. अशा गाडीचा फिल्टर काजळीने भरलेला असतो आणि तो वाचवता येतो. महामार्गावर सलग २०-२५ मिनिटे ६० किलोमीटरच्या वर स्थिर वेगाने चालवणे पुष्कळदा पुरते. न पुरल्यास स्कॅनरने सर्व्हिस रिजनरेशन करावे, पण काजळीचे प्रमाण कंपनीच्या मर्यादेपलीकडे गेले असेल तर ते करू नये. एवढी काजळी एकदम पेटली तर फिल्टर आतून तडकतो. लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त किलोमीटर चाललेल्या गाडीत रिजनरेशननंतरही आयडलचा फरक खाली येत नसेल, तर राख भरली आहे आणि फिल्टर काढून साफ करून घेणे किंवा बदलणे याला पर्याय नाही. फिल्टर वेळेआधी भरला असेल तर गळणारा इंजेक्टर, अडकलेला ईजीआर, तेल फेकणारा टर्बो आणि कमी राखेच्या प्रतीचे नसलेले इंजिन ऑइल, ही कारणे एकेक करून तपासावीत.

डीपीएफ किंवा कॅट पोकळ करून देणारे लोक सगळीकडे भेटतात. ते काम करू नये आणि करूनही घेऊ नये. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि त्या काजळीत आपलीच मुले श्वास घेतात.

दुरुस्तीनंतर गेज पुन्हा लावावे आणि आयडल, २,५०० आरपीएम व भाराखालचे आकडे पुन्हा घ्यावेत. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे, किलोमीटर आणि तारखेसह, मालकाच्या सर्व्हिस बुकात लिहून द्यावेत. डीपीएफमध्ये रिजनरेशन केले असेल तर इंजिन ऑइलची काडी काढून पातळी पाहावी. अर्धवट सुटलेल्या रिजनरेशनमध्ये डिझेल ऑइलमध्ये उतरते, पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे जाते, आणि तशी ती आढळली तर गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावेत.